एक्स्प्लेनर : वसईचा गोठा, नगरचा फराळ, दारातली गाणी... आपल्याकडचा नाताळ नेमका कसा असतो आणि त्यात सामील कसं व्हायचं?

डिसेंबरचा तिसरा आठवडा आला की डिजिटल डेस्कवर ठरलेल्या बातम्यांची रांग लागते. कोणत्या मॉलमध्ये सर्वात उंच ख्रिसमस ट्री, प्लम केक कुठे चांगला मिळतो, सेलिब्रिटींचे लाल कपड्यांतले फोटो, घरच्या घरी सजावटीच्या १० आयडिया. लोक वाचतात म्हणून या बातम्या होतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या ओळीने वाचल्या तर वाटावं की नाताळ हा दरवर्षी कंटेनरमधून येणारा आणि १ जानेवारीला परत पॅक होऊन जाणारा इव्हेंट आहे.

२०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे १० लाख ८० हजार ख्रिस्ती लोक राहतात. राज्याच्या लोकसंख्येच्या एक टक्क्याला थोडे कमी. शेजारच्या गोव्यात हेच प्रमाण २५ टक्क्यांच्या आसपास आहे. यातल्या कितीतरी घरांत मराठी, कोकणी किंवा त्यांच्या बोली बोलल्या जातात. या घरांतला नाताळ मॉलमध्ये दिसत नाही, कारण तो विकायला ठेवलेला नसतो. तो पंधरा-वीस दिवस आधीपासून हातांनी केला जातो, आणि एका घराच्या हातांनी तो होतही नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की नाताळ साजरा करायचा असेल, तुम्ही ख्रिस्ती असा वा नसा, तर त्याच्या खरेदीत नाही, कामात हात घाला.

‘नाताळ’ आला कुठून?

‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीज ‘नाताल’वरून आला. नाताल म्हणजे जन्म, अर्थात येशूचा जन्म. १५३४मध्ये गुजरातच्या सुलतानाकडून वसई पोर्तुगिजांकडे गेली आणि १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. दोनशे वर्षांचा हा काळ. पोर्तुगीज गेले, पण त्या काळात ख्रिस्ती झालेली शेतकरी, कोळी, बागायतदार कुटुंबं इथेच राहिली, कारण ती इथलीच होती. त्यांची सामवेदी आणि वाडवळी बोली राहिली, बायकांचं लुगडं राहिलं, केळीच्या आणि पानवेलीच्या बागा राहिल्या.

मुंबईतल्या मूळच्या ख्रिस्ती मंडळींनी तर १८८७मध्ये ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं. रोजगारासाठी गोव्याहून आणि मंगळूरहून आलेल्या ख्रिस्ती लोकांपेक्षा आपण वेगळे, आपण याच बेटांवरचे, हे ब्रिटिश सरकारला कळावं म्हणून. भूमिपुत्र असल्याचा मुंबईतला इतका जुना दावा फार थोड्यांचा असेल. (खोताची वाडी, म्हातारपाखाडी, वांद्र्याचं रणवार ही त्यांची जुनी गावठाणं. आता ‘हेरिटेज वॉक’ला जातो तीच.)

तिसरा धागा अहमदनगरचा, आताच्या अहिल्यानगरचा. तिथे अमेरिकन मराठी मिशनने शाळा काढल्या, १८४२मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू झालं. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक आले. शाळेत ‘केवढे हे क्रौर्य’ पाठ केलेल्या पिढ्यांना ते कवी म्हणून माहीत असतात. त्यांनी ख्रिस्ती उपासनेत भजन आणि कीर्तन आणलं, हे मात्र पाठ्यपुस्तकात सहसा सांगितलं जात नाही. मराठी चर्चमध्ये आजही त्यांची गीतं म्हटली जातात, आणि नाताळच्या उपासनेला पेटीबरोबर तबला असतो.

त्याही आधी, १६१६मध्ये, फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यातल्या रायतूरला छापलं गेलं. जवळपास ११ हजार ओव्या. ज्यांना पुराण ऐकायची सवय होती, त्यांच्यासाठी येशूच्या जन्माची गोष्ट ओवीत. म्हणजे चारशे वर्षांपूर्वी ही गोष्ट मराठीत सांगून झाली होती. सांताक्लॉजचा आजचा गुबगुबीत लाल अवतार घराघरांत पोहोचला तो कोका-कोलाच्या १९३१पासूनच्या जाहिरातींमुळे. या दोघांत आपल्याकडे जुनं कोण, ते तुम्हीच ठरवा.

झाडापेक्षा गोठा महत्त्वाचा

आपल्याकडच्या ख्रिस्ती घरांत सजावटीचा केंद्रबिंदू ख्रिसमस ट्री नसतो. तो असतो गोठा, म्हणजे क्रिब. येशूचा जन्म गोठ्यात झाला आणि त्याला गव्हाणीत ठेवलं, त्याचा देखावा. ही प्रथा संत फ्रान्सिस असिसीकर यांनी १२२३मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावात सुरू केली असं मानलं जातं. त्यांनी खरा बैल आणि खरं गाढव आणून उभं केलं होतं. इटलीतल्या त्या गावापेक्षा आपल्या गावांना ही कल्पना जास्त सोपी गेली असावी. गोठा म्हणजे काय हे इथे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

बातमीच्या निमित्ताने दोन वर्षं डिसेंबरात वसईत फिरलो. नंदाखाल, निर्मळ, गास, भुईगाव या पट्ट्यात संध्याकाळी गावागावांतली पोरं एकेका नाक्यावर, विहिरीच्या कडेला जमलेली दिसतात. पेंढा घरच्या वाफ्यातला. बांबू कुणाच्या तरी कुंपणातला. डोंगर करायला जुनं गोणपाट मातीच्या चिखलात बुडवून वाळवलेलं. बारकी मुलं शेवाळ गोळा करायला पाठवलेली. एक दादा बोर्डवरून वायर ओढतोय, दुसरा त्याला ओरडतोय की अर्थिंग कुठंय. मी इंजिनीअरिंगची चार वर्षं लॅबमध्ये ज्या सिरीज-पॅरलल जोडण्या कंटाळत केल्या, त्या इथे नववीतली मुलगी पॅरलल जोडणी करून दाखवत होती, ‘एक दिवा गेला तर सगळे जायला नकोत’ म्हणून. मत्स्यालयाच्या पंपावर छोटा धबधबा चालवलेला होता. कुठे वसईचा किल्ला, कुठे बुजवलेली तळी आणि उभे राहिलेले टॉवर, असा गावाचाच प्रश्न देखाव्यात आणलेला. ‘हरित वसई’ची चळवळ जिथे उभी राहिली, तिथे हे नवल नाही.

यातली मला सर्वात आवडलेली गोष्ट अगदी छोटी आहे. नाताळच्या आठ-दहा दिवस आधी करवंटीत किंवा ताटलीत नाचणी नाहीतर गहू पेरतात. २४ तारखेपर्यंत बोटभर कोंब येतात आणि तेच गोठ्याभोवतीचं गवत होतं. नवरात्रात घट बसवणाऱ्या कोणत्याही घराला हे ओळखीचं वाटेल. घरात लहान मूल असेल, तर प्लास्टिकच्या हिरव्या चटईवर खर्च करण्याआधी मूठभर नाचणी पेरायला द्या. रोज सकाळी उठून ते किती वाढलं हे पाहायला मूल स्वतःहून जातं.

बाळ येशूची मूर्ती मात्र २४च्या रात्रीपर्यंत गव्हाणीत ठेवत नाहीत. बऱ्याच घरांत हा मान सर्वात लहानाचा किंवा सर्वात थोरल्याचा. पुतळ्यांचा तयार संच ऑनलाइन मिळतो, तो घ्यायला हरकत नाही. पण तयार गोठा, तयार डोंगर, तयार गवत, सगळंच खोक्यातून आलं तर त्या पंधरा संध्याकाळी पोरं एकत्र येणार कशासाठी? गोठ्याचं बक्षीस कुणाला मिळालं हे दोन दिवसांत विसरलं जातं. विहिरीच्या कडेला बसून काम केलेली पोरं पुढे गावात कुणी गेलं, कुणाचं लग्न निघालं, की तशीच जमतात. गावाला त्याचा उपयोग असतो.

चांदणीचंही तसंच. बांबूच्या कामट्या आणि पतंगाचा कागद घेऊन पाच टोकांचा तारा करायला दोन माणसं आणि दोन तास लागतात. दिवाळीचा आकाशकंदील ज्याला येतो, त्याला ही चांदणी येतेच.

फराळ, थाळी आणि घाटणारे हात

नगर, पुणे, संभाजीनगर, सोलापूर भागातल्या मराठी ख्रिस्ती घरांत नाताळला काय करतात? करंज्या, लाडू, चकल्या, शंकरपाळ्या. हो, फराळच. दिवाळीला शेजारून आलेलं ताट नाताळला भरून परत जातं, हा वर्षानुवर्षांचा अलिखित व्यवहार आहे.

मुंबईच्या आणि वसईच्या ईस्ट इंडियन घरांत आणि गोव्यात त्यात आणखी भर पडते. कलकल, म्हणजे मैद्याच्या पिठाच्या गोळ्या काट्याच्या किंवा नव्या कोऱ्या फणीच्या दातांवर वळून तळायच्या आणि साखरेत घोळवायच्या. नेवऱ्या, म्हणजे करंजीची सख्खी बहीण. पेरूचा पेराद. बदाम परवडत नाहीत म्हणून काजूवर आलेलं मार्झिपान. दोदोल, म्हणजे तांदळाचं पीठ, गूळ आणि नारळाचं दूध कढईत तासन्‌तास घाटायचं. गोव्याची बेबिंक तर थरावर थर, प्रत्येक थर वरून विस्तव ठेवून भाजल्याशिवाय दुसरा ओतायचा नाही. हे सगळं ताटात मांडून, वर विणलेला रुमाल घालून शेजारीपाजारी पाठवायचं. गोवा-मंगळूरकडे याला कुसवार म्हणतात.

पदार्थांची यादी मुद्दाम दिली, कारण यातला एकही पदार्थ एकट्याने करण्याजोगा नाही. किलोभर पिठाचे कलकल एकटी बाई वळायला बसली तर दिवस जाईल. सहा जणी बसल्या तर गप्पांत दोन तास. दोदोल घाटायला दणकट हात लागतात आणि ते दमले की बदलावे लागतात. म्हणून हे पदार्थ टिकले ते पाककृतींच्या वह्यांमुळे नव्हे, वाडीत हाक मारली की येणाऱ्या शेजारणींमुळे. आणि आता ते पटापट ऑर्डरवर गेले, कारण वाडी गेली. चौदाव्या मजल्यावर कोण कुणाला हाक मारणार?

ऑर्डर देणं वाईट नाही. उलट वांद्रे, ओर्लेम, वसईतल्या कितीतरी बायकांचा डिसेंबर त्या ऑर्डरींवर चालतो, आणि घ्यायचंच तर त्यांच्याकडून घ्या. पण निदान एक पदार्थ घरी, जमून करा. कलकल सर्वात सोपे. एका रविवारी, घरातले सगळे, वरच्या मजल्यावरची काकू आणि तिची नातवंडं. वाकडेतिकडे होतील. तळले की सगळे सारखेच दिसतात.

इथे एक गोष्ट स्पष्ट म्हणायला हवी. हे ‘एकत्र काम’ कौतुकाने लिहिताना ते बहुतेक वेळा बायकांचं काम असतं हे आपण सोयीस्कर विसरतो. पुरुष २४ला संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून तयार असतात आणि आई मध्यरात्रीच्या मिस्सेत डोळे मिटू नयेत म्हणून झगडत असते. दिवाळीतही हेच आहे, म्हणून नाताळला वेगळं पाप लावत नाही. दोदोल घाटायला दणकट हात लागतात, हे वर लिहिलंच आहे.

गेटवर अडलेली गाणी

नाताळच्या आधीच्या आठवड्यात तरुणांचे गट गिटार, ढोलकी, खंजिरी घेऊन घरोघरी गाणी म्हणत फिरतात. पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या, प्रत्येक ख्रिस्ती घरात पाच-दहा मिनिटं. इंग्रजी कॅरल्स असतात तशी मराठी आणि कोकणी गाणीही. सामवेदी बोलीत गाणी रचणारी मंडळी वसईत आहेत. १८१८मध्ये ऑस्ट्रियातल्या एका गावच्या चर्चमध्ये पहिल्यांदा गायलेलं ‘सायलेंट नाइट’ मराठीत म्हणताना कुणालाही ते उसनं वाटत नाही.

या गटांची खरी अडचण आता सोसायटीचं गेट आहे. व्हिजिटर ॲपवर एन्ट्री, प्रत्येकाचा फोटो, फ्लॅट नंबर सांगा, ‘सेक्रेटरींची परवानगी आहे का?’ एका नव्या कॉम्प्लेक्समध्ये अशा १५ मुलांना २० मिनिटं गेटवर उभं केलेलं मी पाहिलंय. त्याच कॉम्प्लेक्सच्या क्लब हाउसमध्ये त्या वेळी सोसायटीचाच भाड्याचा सांता चॉकलेट वाटत होता आणि डीजे लावला होता. समितीच्या डोक्यात दोन्ही गोष्टींचा काही संबंध नव्हता. नाताळ ‘आत’ चालू होता आणि नाताळ साजरा करणारे लोक बाहेर होते.

सुरक्षा नको असं कुणी म्हणत नाही. पण गणपतीच्या आरतीला विंगा-विंगांतून माणसं येतात-जातात तेव्हा ओटीपी लागत नाही. इथे लागतो त्यामागे थोडी अनोळख आहे आणि थोडा संशयही. काही राज्यांत अलीकडे कॅरल गाणाऱ्यांना अडवल्याच्या बातम्या आमच्याच डेस्कवरून गेल्यात. महाराष्ट्रात ते लोण येऊ नये असं ज्यांना वाटतं, त्यांना करता येण्यासारखी गोष्ट फार साधी आहे. जवळच्या चर्चच्या युवा गटाला सोसायटीच्या समितीने आधीच कळवायचं, की अमुक दिवशी संध्याकाळी सात वाजता पार्किंगमध्ये या, सगळे ऐकतील, चहा आमच्याकडे. भाड्याच्या सांताच्या खर्चात पन्नास जणांचा चहा आणि बटाटेवडे सहज होतात.

चर्चमध्ये गेलो तर चालतं का? आणि कसं?

हा प्रश्न दरवर्षी वाचकांकडून येतो. साधारणपणे, हो, चालतं. मध्यरात्रीची मिस्सा नेहमी मध्यरात्री असतेच असं नाही. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर लाउडस्पीकरवर निर्बंध आहेत (काही ठरावीक दिवशी राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकतं), त्यामुळे मैदानावर होणारी मिस्सा बऱ्याच ठिकाणी लवकर सुरू होते. वेळ आणि भाषा चर्चच्या फलकावर पाहून घ्या. मराठी, कोकणी, इंग्रजी अशा वेगवेगळ्या मिस्सा असतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने मराठी निवडावी, गोष्ट कळते.

सगळे उठले की उठा, बसले की बसा. कॅथलिक चर्चमध्ये शेवटाकडे ख्रिस्तप्रसादासाठी रांग लागते. तो त्यांच्या श्रद्धेत दीक्षा घेतलेल्यांसाठी असतो, त्यामुळे आपण जागेवर बसून राहायचं. कुणी वाईट वाटून घेत नाही, उलट रांगेत शिरून तो हातात घेऊन फोटो काढणाऱ्यांचं वाईट वाटतं. हे घडतं म्हणून लिहितोय. प्रार्थना चालू असताना रील्स नकोत. बाहेर गोठ्यापाशी हवे तेवढे फोटो काढा, ज्यांनी तो केलाय ती पोरं बाजूलाच उभी असतात आणि त्यांना विचारलेलं आवडतं.

प्रोटेस्टंट चर्चमध्ये, म्हणजे नगर-पुण्याकडच्या बऱ्याच मराठी मंडळ्यांत, २५ला सकाळची मोठी उपासना असते आणि नंतर आवारात एकमेकांना भेटण्याचा कार्यक्रम बराच वेळ चालतो. अनोळखी माणसाला तिथे लगेच कुणीतरी विचारतं, ‘कुठून आलात? जेवून जा.’

कुणाच्या घरी जाताना काय न्यायचं यावर फार विचार करू नका. केक त्यांच्याकडे आधीच चार आलेले असतात. फळं न्या, किंवा तुमच्या घरचं काहीतरी.

२५नंतर काय?

सण २५ला संपत नाही. वांद्रे, ओर्लेम आणि गोव्यात ३१ डिसेंबरच्या रात्री जुन्या वर्षाचा ‘म्हातारा’ जाळतात. जुने कपडे आणि पेंढा भरून केलेला पुतळा, आणि आधीचे काही दिवस त्याच्या नावाने वर्गणी मागणारी पोरं. ६ जानेवारीला तीन राजांचा सण. गोव्यात कांसावलीला तीन गावांतली तीन मुलं राजे होऊन घोड्यांवरून टेकडीवरच्या चॅपेलकडे जातात. हे पाहायचं असेल तर ३१च्या गर्दीत गोव्याला जाण्याऐवजी सहा तारखेला जा, हा फुकटचा सल्ला. हॉटेलही स्वस्त मिळेल.

रिकामी घरं

वसई, वांद्रे, गोवा, तिन्हीकडे एक गोष्ट सारखी दिसते. मुलं कॅनडात, आखातात, जहाजावर. मोठ्या घरात दोनच म्हातारी माणसं, कधी एकच. गोठा मांडायला वाकता येत नाही, चांदणी टांगायला शिडीवर चढता येत नाही, कलकल कुणासाठी करायचे म्हणून करत नाहीत. २४च्या रात्री मुलाचा व्हिडिओ कॉल येतो तेव्हा तिकडे दुपार असते.

काही पॅरिशमधल्या युवा गटांनी यावर स्वतःच एक पद्धत बसवली आहे. गाणी म्हणत फिरताना यादीत पहिली घरं एकट्या राहणाऱ्यांची. तिथे पाच मिनिटांऐवजी अर्धा तास. दोन मुलं गातात, दोन माळ्यावरून गोठ्याचं खोकं उतरवतात, एक जण स्टुलावर चढून चांदणी लावतो आणि दिवा लागतो का ते पाहतो. निघताना फोन नंबर फ्रिजवर चिकटवतात, कारण १ तारखेनंतर ती चांदणी उतरवायलाही कुणीतरी लागतं.

तुमच्या बिल्डिंगमध्ये असं एखादं दार असेल तर चर्चचा गट येईपर्यंत थांबायची गरज नाही. १५ डिसेंबरच्या सुमाराला बेल वाजवून विचारता येईल, ‘आंटी, तारा लावायचाय का यंदा?’ शिडी वॉचमनकडे असते.